दुपटीचे गणित

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पालकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या गणितशिक्षणावर आम्ही बोलावे, अशी कार्यवाहांनी आज्ञा केली, तेव्हा माणूस निवडण्यात त्यांची काही गफलत होत असावी, असे आम्ही त्यांना नम्रपणे सुचवून पाहिले. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत उमेदीची वर्षे घालविलेले एक गृहस्थ. पदवी बी. ए. ची, तीही इतिहास घेऊन. शालान्त परीक्षेनंतर गणिताशी तुटलेला आमचा संबंध पगारपत्रक आणि प्रवासभत्त्याचे देयक एवढ्यापुरताच पुन्हा जुळला. परंतु कार्यवाह म्हणाले, ‘‘रविवारच्या वर्गात तुम्ही चिंचोके घेऊन मुलांशी काय करीत असता, तेवढेच सांगा. दाराबाहेर उभ्या असलेल्या पालकांना ते कळत नाही.’’

हे मात्र खरे आहे. आमचा हा वर्ग मुळात मराठी वाचन-लेखनासाठी निघाला. आठवी ते दहावीची दहा-अकरा मुले येतात. त्यांच्या दप्तरांतून गणिताच्या वह्याही येऊ लागल्या आणि चार वर्षांपूर्वी आम्ही त्या वह्यांत गुंतलो, ते आजतागायत. गेल्या वर्षी एका पालकांनी आम्हांस सरळ प्रश्न केला. ते स्वतः अभियंते. व्हाइटफील्डहून दीड तास वाहनांच्या गर्दीतून मुलाला घेऊन येतात. ते म्हणाले, ‘‘घातांकाचे नियम सगळे मिळून पाच-सहा. दहा मिनिटांत फळ्यावर लिहून द्या, मुले पाठ करतील. त्यासाठी तीन रविवार कशाला?’’ प्रश्नात उद्धटपणा नव्हता. वेळेची किंमत जाणणाऱ्या माणसाचा तो रास्त प्रश्न होता. त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे. त्यांचे म्हणणे कोठे बरोबर होते, हेही त्यात येईल.

उत्तरापूर्वी घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९८ साली आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. ४०,००० रुपये कमी पडत होते. ते गावातील एका सावकाराकडून महिना पाच टक्के दराने घेतले. फेडले न गेलेले व्याज दरमहा मुदलात मिळवावयाचे, असा करार. कागद आम्हीच वाचला आणि सहीही आम्हीच केली. शालान्त परीक्षेत गणितात आम्हांस उत्तम गुण होते. चक्रवाढ व्याजाचे सूत्र झोपेतून उठवून विचारले तरी म्हणून दाखविले असते. तरीही सही करताना आम्ही मनाशी काय हिशेब केला? पाच बारे साठ, म्हणजे वर्षाला शेकडा साठ. चाळीस हजारांचे वर्षअखेर चौसष्ट हजार. मग आमची दूरच्या ठिकाणी बदली झाली. वर्षाने भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढून ६४,००० रुपये घेऊन गावी गेलो, तर सावकाराच्या कागदावर आकडा होता ७१,८३४. आम्ही दोनदा मांडून पाहिला. माणसाने लबाडी केलेली नव्हती. पाच टक्क्यांची बारा महिन्यांची वाढ साठ टक्के नसते, जवळजवळ ऐंशी टक्के असते.

चौसष्ट हजार भरले. राहिले ७,८३४. ही किरकोळ बाकी वडील पेन्शनमधून देतील, असे आम्ही समजलो; आम्ही मनिऑर्डर केली असेल, असे वडील समजले. पुढे त्यांचे आजारपण आले. तीन वर्षांनी त्या ‘किरकोळ’ बाकीचे ४५,३७३ रुपये झाले होते, म्हणजे मूळ कर्जाहून अधिक. आईच्या पाटल्या गेल्या. आई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. वडिलांनी मात्र एकदा विचारले होते, ‘‘तू तर गणितात हुशार होतास ना रे?’’

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे एक आठवते. आपल्याकडील जुन्या हिंदू विधीत ‘दामदुप्पट’ नावाचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुदलाहून अधिक असता कामा नये, असा त्याचा आशय, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत असत. वाढीवर वाढ चढू लागली की ती कोठे जाते, हे ओळखूनच कोणीतरी ही मेख मारून ठेवली असली पाहिजे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्या दख्खनच्या दंग्याचे धडे आम्ही बी. ए. ला वाचले होते, त्यावर उत्तरे लिहिली होती. त्या खतांमधील गणिताचा आणि आमच्या सहीचा काही संबंध असेल, असे मात्र कधी मनात आले नाही.

तेव्हा सूत्र पाठ असणे निराळे आणि वाढ कळणे निराळे, हे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही. या फरकालाच शिक्षणशास्त्रात एक भारदस्त नाव आहे, हे पुष्कळ उशिरा कळले. ते नाव ज्ञानरचनावाद. मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. त्याच्या मनात जगाविषयी काही एक समजूत आधीच असते, नवे ज्ञान त्या समजुतीशी झगडून, तिला मोडून किंवा वाढवून मुलाला स्वतःच रचावे लागते, शिक्षकाला ते उचलून देता येत नाही, असा त्याचा गाभा आहे. जिनिव्हाचे पियाजे आणि रशियाचे वायगोत्स्की यांची नावे या संदर्भात घेतली जातात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर जे केले, त्यात मुलाच्या हाताला आणि अनुभवाला असेच अग्रस्थान होते. शंख-शिंपले, पाने आणि बिया हीच तेथील साधने. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ही दृष्टी अधिकृतपणे स्वीकारली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत ती प्रत्यक्षात आणली, आणि ते पाहावयास महाराष्ट्रभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा या पद्धतीचा बोलबाला गावोगाव पोहोचला. पुष्कळ ठिकाणी तो फरशीवर आकडे आणि अक्षरे रंगविण्यापाशीच थांबला, हेही सांगितले पाहिजे. परिपत्रकाने साहित्य पोहोचते, वृत्ती पोहोचतेच असे नाही. परिपत्रके काढणाऱ्यांच्या पंक्तीत बसूनच आम्ही हे म्हणत आहोत.

हे सारे बहुधा लहान मुलांच्या संदर्भात बोलले जाते. आठवी-नववीच्या घातांकांना ते कसे लावावे, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. पहिली पायरी म्हणून मुलांच्या मनात आधी काय आहे, ते पाहिले. दोनाचा पाचवा घात किती, असे विचारले. अकरांपैकी चौघांनी उत्तर दिले, दहा. त्यांना आपण चटकन चूक म्हणतो. परंतु त्यामागे एक समजूत उभी असते : वाढ म्हणजे बेरीज, आणि गुणाकार म्हणजे तीच बेरीज पुनःपुन्हा. शाळेने पाच वर्षे खपून हीच समजूत पक्की केलेली असते. पाच बारे साठ म्हणून सही करणाऱ्या आमच्या मनात तरी दुसरे काय होते? जेरी कॉन्फ्रे या अमेरिकन संशोधिकेने असे मांडले आहे की अर्धे करणे, वाटे पाडणे, दुप्पट करणे ही मुलाची बेरजेइतकीच मुळातली जाण आहे; शाळा मात्र बेरजेलाच खतपाणी घालते आणि ही दुसरी जाण सुकत जाते. भाकरीचा अर्धा, त्या अर्ध्याचा अर्धा करणारे मूल आठवा, म्हणजे हे पटेल.

आता पहिला रविवार. बुद्धिबळाच्या पटाची आणि धान्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही ती सांगितलीच नाही. मुलांपुढे दोन देकार ठेवले. पहिला देकार : पटाच्या पहिल्या घरात १०० चिंचोके आणि पुढे प्रत्येक घरात आणखी १०० अधिक. दुसरा : पहिल्या घरात एकच चिंचोका, पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. कोणता घ्याल, ते वहीत लिहा, आणि शेवटच्या घरात किती असतील, तेही लिहा. अकरांपैकी नऊ जणांनी पहिला देकार निवडला. अंदाज आधी लिहून घेणे फार महत्त्वाचे; लिहिलेला अंदाज खोटा ठरला की मूल जेवढे जागे होते, तेवढे आमच्या सांगण्याने होत नाही.

मग तक्ता. त्यात तीन रकाने : घर, चिंचोके, आणि तिसरा रकाना, ‘आधीच्या घरावरून हे कसे मिळाले?’ पाठाच्या आखणीत आमचा सर्वाधिक विचार या तिसऱ्या रकान्यावर खर्च झाला होता. मुले चिंचोके मांडू लागली. दहाव्या घरात पहिल्या देकाराचे १,०००, दुसऱ्याचे ५१२. अकराव्यात १,१०० आणि १,०२४. पहिला देकार घेणारे अजून खुशीत होते. बाराव्यात १,२०० विरुद्ध २,०४८, आणि आमची पिशवी रिकामी.

तिसऱ्या रकान्यात दुसऱ्या देकारापुढे मुले ‘दुप्पट’ असे लिहितील, अशी आमची अपेक्षा. एका मुलाने त्याऐवजी लिहिले : अधिक १, अधिक २, अधिक ४, अधिक ८. पुन्हा बेरीजच! आम्ही खडू उचलला. पहिल्या वर्षी असता तर चूक दाखवून मोकळे झालो असतो. या वेळी खडू खाली ठेवला आणि गप्प बसलो, जे आमच्या वयाच्या माणसाला सोपे नाही. पाचेक मिनिटांनी तोच मुलगा ओरडला, ‘‘काका, हे तर वरचेच आकडे पुन्हा आले!’’ जेवढे आहे तेवढीच त्यात भर पडते. म्हणजे वाढ ही असलेल्या साठ्यावर अवलंबून आहे. घातांकी फलाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे, आणि ते त्याला बेरजेच्याच वाटेने सापडले. आम्ही ती वाट बंद करावयास निघालो होतो.

पुढची घरे तांदळाने भरली, अर्थात कागदावर. मुलांनी शंभर दाणे मोजून सोनाराच्या काट्यावर वजन केले, ते अडीच ग्रॅम भरले. त्या हिशेबाने एकविसाव्या घरातील १०,४८,५७६ दाण्यांना २५ किलोचे एक पोते पुरत नाही. आणि पूर्ण पट भरावयाचा तर अलीकडच्या वर्षांत भारतात दरसाल जो चौदा-पंधरा कोटी टन तांदूळ पिकतो, तो सुमारे तीन हजार वर्षे साठवावा लागेल. शेवटच्या घरासाठी सर्वांत मोठा लिखित अंदाज होता एक कोटी दाणे. तो लिहिणाऱ्या मुलीने आपल्या आकड्यावर काट मारली नाही, त्याखाली नुसती एक रेघ ओढली. ती वही आम्ही जपून ठेवली आहे.

दुसरा रविवार तळ्याचा. बेळ्ळंदूरच्या तलावावर पसरलेली जलपर्णी आपल्यापैकी अनेकांनी जाता-येता पाहिली आहे. एका तळ्यातील जलपर्णी पंधरवड्यात दुप्पट होते आणि आज ती एक गुंठा आहे, असे धरावयास सांगितले. पुढचे पंधरवडे मुलांनी भराभर लिहिले : २, ४, ८. मग विचारले, गेल्या पंधरवड्यात किती होती? अर्धा गुंठा. त्याआधी? पाव गुंठा. तक्त्यात पंधरवड्यांचे क्रमांक ३, २, १ असे उतरत शून्यावर आणि तेथून उणे एकवर आले. कोणत्याही संख्येचा शून्यावा घात एक का, हे आम्हांस शाळेत ‘व्याख्या आहे, पाठ करा’ एवढेच सांगितले होते. येथे एक मुलगा सहज म्हणाला, ‘‘शून्यावा घात म्हणजे आजचा दिवस!’’ एवढे सोपे आम्हांस आमच्या मास्तरांनी सांगितले असते तर बरे झाले असते.

यानंतरचा प्रश्न या तीन रविवारांतला सर्वांत अवघड. पंधरवड्यात एकाचे दोन होतात, तर एका आठवड्यात किती? अकराही मुले एकमुखाने म्हणाली, दीड. नातवाला पोहोचवावयास आलेल्या एक आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या न राहवून म्हणाल्या, ‘‘अरे बाळांनो, पहिल्या आठवड्यात दीडपट, तर दुसऱ्या आठवड्यातही दीडपटच व्हायला हवी ना? दीडाची दीडपट सव्वादोन. दोन कशी होईल?’’ आजींच्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी ही अपूर्णांकांची पाढ्यांची मालिका तोंडपाठ केलेली. मुलांना हे शब्दही नवे होते. वर्गात शांतता पसरली. दीड जास्त होते, तर मग किती? स्वतःशीच गुणल्यावर दोन येईल अशी संख्या हवी, हे दोघीतिघींच्या लक्षात आले. १.४ चे १.९६ होतात, कमी पडतात. १.४१ चे १.९८८१. १.४२ चे २.०१६४, जास्त होतात. १.४१४ पर्यंत पोहोचल्यावर एका मुलीने विचारले, ‘‘काका, हे वर्गमूळ दोन इथे कसे आले?’’ भूमितीत चौरसाच्या कर्णावर भेटलेली ती संख्या तळ्यात कशी उगवली, याचे तिला आश्चर्य वाटत होते. आम्हांसही वाटले, तीस वर्षांपूर्वी वाटावयास हवे होते, ते त्या दिवशी वाटले.

पाठांतर हे ज्ञानरचनावादाचे शत्रू आहे, असे म्हणणाऱ्यांना आम्ही या आजींचे उदाहरण देतो. त्यांची दिडकी पाठ नसती तर वर्गाची गाडी दीडावरच अडून बसली असती. पाठ असलेले ऐन वेळी हाताशी येते. मात्र ते वापरण्याजोगा प्रश्न समोर असावा लागतो.

त्याच दिवशी उरलेल्या वेळात फिल्टर कॉफीचा पेला आणि एक तापमापक घेऊन निवण्याचे गणित केले. खोलीचे तापमान २६ अंश, कॉफी ८२. चौदा मिनिटांनी ती सुमारे ५४ वर आली. मुलांचा तर्क असा, की मिनिटाला दोन अंश कमी होतात. तसे असेल तर तासाभराने किती, असे विचारताच एकाने हिशेब केला आणि हसत सुटला; कॉफीचे बर्फ होऊन पारा उणे ३८ वर जात होता. कॉफी खोलीहून थंड होणार नाही, तेव्हा अर्धा होत जातो तो कॉफीचा आणि खोलीचा फरक, हे मग त्यांनीच शोधले.

तिसऱ्या रविवारी प्रथम आपले शहर घेतले. बेंगळूरची लोकसंख्या १९५१ साली सुमारे ८ लाख, १९७१ साली साडेसोळा लाख, १९९१ साली ४१ लाख आणि २०११ साली ८५ लाख. दर वीस वर्षांनी किती पट, ते मुलांनी काढले : दुपटीहून थोडे अधिक, मग अडीचपट, मग पुन्हा दुपटीहून थोडे अधिक. खऱ्या जगाचे आकडे तक्त्यासारखे शहाण्यासारखे वागत नाहीत, हे कळणेही गणितच आहे. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नसल्याने पुढचा रकाना कोराच राहिला. हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने ते जिंकल्यावर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने तीन लाख रुपयांना घेतले, असे इतिहासकार सांगतात. ते तीन लाख सहा टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर? बहात्तरास दराने भागले की दुपटीची वर्षे मिळतात, या व्यवहारी आडाख्याने बारा वर्षांत दुप्पट. ३३६ वर्षांत अठ्ठावीस दुपटी. म्हणजे सुमारे ८० लाख कोटी रुपये. एका मुलाने गंभीरपणे विचारले की हे पैसे आता कोणाकडे मागावयाचे.

आणि मग कर्ज. कोणाचे, ते न सांगता आम्ही एवढेच फळ्यावर लिहिले : बाकी ७,८३४, महिना पाच टक्के, छत्तीस महिने. आधी अंदाज लिहावयास सांगितला. बहुतेकांनी वीस-बावीस हजार लिहिले. साध्या व्याजाने उत्तर २१,९३५ येते, म्हणजे बेरजेची जुनी समजूत अजून जिवंत होती. मुलांना गुणाकाराचे बटण असलेला साधा गणकच दिला होता. १.०५ ने छत्तीस वेळा गुणण्याचा कंटाळा येऊन एकाने विचारले, ‘‘जवळची वाट नाही का?’’ या प्रश्नाचीच आम्ही वाट पाहत होतो.

ती वाट ‘लीलावती’त आहे. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे. ग्रंथात आलेले त्यांचे मूळ गाव मात्र काहीजण विजापूर मानतात. म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही आपला म्हणावा असा हा पुरुष, आणि आपल्यासारख्यांना तर दोन्हीकडून. त्यात एक प्रश्न आहे : एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले, तर महिन्यात किती निष्क दिले? त्याची रीत अशी : दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ लिहा, विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा, शून्य येईपर्यंत असे करीत जा, मग खालून वर उलटे चला. तीसासाठी ही रीत आठ पायऱ्यांत १,०७,३७,४१,८२४ वर पोहोचविते. त्यावरून एकूण कवड्या निघतात २,१४,७४,८३,६४६, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. त्या दानशूराने ही सहा कवड्यांची बाकी तरी लगेच फेडली असेल, अशी आशा आहे.

छत्तिसासाठी मुलांनी तीच रीत लावली : छत्तीस, अठरा, नऊ, आठ, चार, दोन, एक. सात पायऱ्या. उलटे चालत १.०५, १.१०२५, १.२१५५, १.४७७५, १.५५१३, २.४०६६ आणि शेवटी ५.७९१८. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील रीत आपल्या हाती चालते, याचे मुलांना अप्रूप वाटले. वर्गाच्या शेवटी घातांकांचे नियम त्यांनी स्वतःच मांडले. नव्या आठवीच्या पाठ्यपुस्तकात एन. सी. ई. आर. टी. ने २०२५ साली घातांकांचे प्रकरण कागदाच्या घड्यांपासून सुरू केले आहे, हे पाहून आम्हांस आपण अगदीच आडवाटेला नाही, असे वाटले.

आता त्या अभियंता पालकांचे म्हणणे कोठे बरोबर होते, ते सांगतो. मुलांनी मांडलेल्या नियमांत एक साफ चुकीचा होता : दोनाचा तिसरा घात आणि चौथा घात यांची बेरीज सातवा घात होते, असा. तो ८ अधिक १६ घालून मोडावा लागला आणि मोडल्यावरही दोन मुलांच्या वहीत महिनाभर पुनःपुन्हा उगवत राहिला. चिन्हे, नावे, संकेत ही गोष्ट मुलांना शोधून सापडणारी नाही. ती सांगावीच लागते, आणि न सांगता ताटकळत ठेवणे हा मुलांवर अन्याय आहे. शिवाय परीक्षेत वेग लागतो, आणि वेग सरावानेच येतो. म्हणून या वर्षापासून चौथा रविवार केवळ उदाहरणे सोडविण्याचा ठेवला आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही पटावर चिंचोके मांडून लगेच सूत्र सांगून टाकले होते. मुले खूश, आम्ही खूश. दीड महिन्याने विचारले तर दोनाचा पाचवा घात पुन्हा दहा. चिंचोके होते, पण त्यात मुलांनी रचावयाचे काही ठेवलेच नव्हते. साहित्य मांडणे सोपे असते. कोणता प्रश्न आधी, कोणता रकाना कोरा आणि आपण कोठे गप्प बसावयाचे, हे ठरविण्यातच आमचा शनिवार जातो.

त्या तिसऱ्या रविवारी ४५,३७३ हा आकडा फळ्यावर आला, तेव्हा रेघ ओढणाऱ्या त्या मुलीने विचारले, ‘‘काका, हे कर्ज कोणाचे होते?’’ आम्ही सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, ‘‘पण तुम्हाला शाळेत हे शिकवलं नव्हतं का?’’ शिकविले होते, आम्ही म्हणालो, आणि गुणही चांगले मिळाले होते. ती पुन्हा वहीत डोके घालून काही मांडू लागली. वर्ग सुटताना वही पुढे करून म्हणाली, ‘‘दर महिन्याला नुसते ३९२ रुपये दिले असते, तर बाकी ७,८३४ वरच थांबली असती. वाढलीच नसती.’’ आम्ही तिच्यासमोर तो हिशेब पडताळून पाहिला. बरोबर होता. इतक्या वर्षांत आमच्या घरात कोणी तो केला नव्हता.